आमची वाटचाल : भट्टी, डिकॉक्शन आणि सोयाचं पाकीट

दुकान कसं सुरू झालं हे सगळे विचारतात. त्यात सांगण्यासारखं फार नाही. टॉवेलच्या धंद्यात राम उरला नव्हता, घरातले माग एकेक करून बंद पडत होते. माझ्या जाऊबाईंचं माहेर कर्नाटकात हासनकडचं, कॉफी भाजायचा हात त्यांना तिकडूनच आलेला. मला हिशेब जमायचा. अशोक चौकाच्या पुढे एक गाळा घेतला, जुनी ड्रमची भट्टी आणली, चक्की बसवली. सोलापूर चहाचं गाव, इथं कॉफी कोण पिणार, असं म्हणणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत, पण ती इथं देत नाही. पुढची बरीच वर्षं सुखात गेली.

बोलायचं आहे ते कॉफीतल्या सोयाच्या दुधाबद्दल, कारण आमचं नाव त्यावरून खराब केलं गेलं आणि ते ज्यानं केलं तो आजही समोरच्या ओळीत काचा लावलेल्या कॉफीच्या दुकानात बसतो.

सोया आमच्याकडे मास्तरांमुळे आलं. मास्तर तेलुगू शाळेतून निवृत्त झालेले, दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक. एके दिवशी आले आणि म्हणाले, "अक्का, डॉक्टरनी दूध बंद केलं. पोट धरत नाही. आता काळी कॉफी प्यायची का मी या वयात?" मास्तरांनी काळी कॉफी पिणं म्हणजे आम्हालाच कमीपणा. त्या संध्याकाळपासून जाऊबाई आणि मी सोयाच्या मागे लागलो.

आधी घरीच केलं. बार्शीकडचं सोयाबीन आणलं, रात्रभर भिजवलं, चोळून सालं काढली, वाटलं, फडक्यातून गाळलं, उकळलं. वास असा, की गाळ्याबाहेर माणूस थांबेना. मग कळलं की तो कच्चट वास दाण्यात मुळातच नसतो. दाणा गार पाण्यात वाटला की त्यातलं एन्झाइम जागं होतं आणि वास तयार करतं. ८० अंशांच्या वर ते मरतं. म्हणून जाऊबाई उकळतं पाणी घालूनच वाटायला लागल्या आणि वास निम्म्याहून कमी झाला. वाटलेलं दूध नीट उकळायचंच, त्यात तडजोड नाही, कच्च्या सोयाबीनमधले काही घटक पचनाला आडवे येतात. गाळून राहिलेल्या चोथ्याची धपाटी आमच्या घरी अजून होतात. पण हे दूध एप्रिलमध्ये दुपारपर्यंतही टिकेना. सोलापूरचं ऊन, त्यात लाइटचा भरवसा नाही. शेवटी पाकिटावर आलो.

मास्तरांची परीक्षा मात्र कडक. टंबलर समोर ठेवायचा, दोन घोट घ्यायचे आणि पेपर उघडायचा. पेपर वाचून संपला की टंबलर तिरका करून तळ बघायचा. खाली रवाळ गाळ दिसला की मान हलवून नुसतं "चालत नाही" म्हणायचे. घाईत पिणाऱ्याला जे दूध उत्तम वाटतं ते मास्तरांच्या पेपरपुढे टिकायचं नाही. पाकीट ठरवलं ते त्यांच्या तळ बघण्यावर, माझ्या जिभेवर नाही.

आता कॉफीत सोयाचं दूध का फाटतं, ते ऐका. कॉफी आंबट असते, पीएच साधारण ५ च्या आसपास (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). सोयाची प्रथिनं ४.५ च्या जवळ आली की एकमेकांना धरून बसतात, आणि वर उष्णता असली तर त्याच्या आधीच. त्यात पाकिटात कॅल्शियम जास्त असेल तर बघायलाच नको. सोया पनीर कॅल्शियमचं मीठ घालूनही करतात, तेच तुमच्या कपात होतं. म्हणून पाकीट पुढून बघू नये. मागे बारीक अक्षरात ॲसिडिटी रेग्युलेटर लिहिलेलं शोधा, त्याच्यापुढे ३४० आकडा असेल तर बरं. ते पोटॅशियमचं फॉस्फेट, आंबटपणा झेलतं. ४१८ म्हणजे जेलन गम, त्यानं दूध तळाशी बसत नाही. प्रथिनं १०० मिलीला ३ ग्रॅमच्या खाली असतील तर फेस धरणार नाही. व्हॅनिलावालं आणूच नका, चिकोरीशी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) त्याचं जमत नाही.

आमची पावडर सोयाला मानवते, हे मात्र मी अभिमानानं सांगते. प्लँटेशन ए आणि पीबी (अराबिका जातीच्या कॉफीच्या प्रती), थोडी रोबस्टा चेरी (ही दुसरी जात) आणि चिकोरी. रोबस्टात आंबटपणा कमी, आणि जाऊबाई भाजतात ती कॉफी गडद, त्यानं तो आणखी उतरतो. कायद्यानं मिश्रणात ५१ टक्के कॉफी असली की पुरे. आम्ही ८० ठेवतो. ज्यांना स्वस्त हवी त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं.

मग ती जानेवारीची जत्रा आली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला होम मैदानावर आम्ही स्टॉल घेतला. पुण्याच्या वितरकाकडून नेहमीच्याच पाकिटांची खोकी आली, तीही आदल्या रात्री. पाकीट तेच, रंग तोच, चित्र तेच. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक सोया कॉफी कपातच फाटली. लोक म्हणायला लागले, नासलं दूध विकतात. साध्या दुधाची कॉफीसुद्धा कुणी घेईना. जाऊबाईंनी डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेला कॉफीचा अर्क, नवं काढलं, फिल्टर धुतले, पाणी बदललं, काही उपयोग नाही.

शेजारच्या स्टॉलवर समोरच्या काचेच्या दुकानाचा मालक होता. त्यानं काय करावं? आमच्या कपाचा व्हिडिओ काढला. "हीच का ती शुद्ध कॉफी?" असं वर लिहून गावभर फिरवला. सकाळी माझ्या माहेरच्या ग्रुपवरसुद्धा तो आलेला. धंद्यात चढाओढ असते, मान्य आहे. पण मदतीला आला नाहीस तर निदान मोबाइल खिशात ठेव की!

वितरकाला फोन लावला तर म्हणतो, "मॅडम, माल तोच आहे. तुमच्या सोलापूरच्या पाण्यातच काहीतरी असेल." चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्या गावात पाण्यावर खापर फोडणं फार सोपं असतं. जाऊबाईंनी मात्र दुकानातलं एक जुनं पाकीट शोधून आणलं आणि दोन्ही पाकिटं उलटी करून माझ्यापुढे ठेवली. नव्यावर कॅल्शियम वाढवलेलं, आणि ३४० गायब. कंपनीनं माल बदलला आणि कुणालाच सांगितलं नाही. वितरकाला फोटो पाठवले. त्यानं ते पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पैसेही नाहीत.

त्यानंतरचे महिने सांगत नाही. एवढंच सांगते की भट्टीचा हप्ता थकला आणि घरात शेवटचे उरलेले माग भंगाराच्या भावानं गेले. सासऱ्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुकानात पावडर घ्यायला येणारे येत होते, पण बाकावर बसून पिणारे एकटे मास्तर. ते मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि कुणी ओळखीचं दिसलं की टंबलर वर करायचे.

समोरच्याचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. त्याच्याकडे हलकी भाजलेली अराबिका, फळासारखी आंबट. पुण्या-मुंबईत तिची फॅशन आहे. त्यात त्यानं महागातलं, खास कॉफीसाठी विकतात ते बरिस्ता पाकीट ओतलं, तरी कपात गुठळ्या. पाकीट कितीही भारी असो, कॉफीच आंबट असेल तर ते किती झेलणार? मग त्याचा पोऱ्या आमच्याकडे गडद पावडर घ्यायला यायला लागला. जाऊबाई त्याला देतात, पूर्ण वजनानं देतात. मी असते तर दिली नसती.

आता आमच्याकडे खोकं आलं की एक पाकीट आधी फोडायचं आणि त्यावर सकाळचं डिकॉक्शन संध्याकाळी ओतायचं. डिकॉक्शन जितकं थांबतं तितकं आंबट होतं, म्हणून त्यात जे टिकलं ते ताज्यात टिकणारच. तुम्ही घरी करत असाल तर दूध आधी गरम करा, ६० ते ६५ अंश, उकळी नको. डबऱ्यात (टंबलरबरोबरच्या वाटीत) आधी दूध, त्यावर हळूहळू डिकॉक्शन. उलटं करू नका. पाकीट फोडण्याआधी हलवा, फोडल्यावर फ्रिजमध्ये. घरचं काढलेलं असेल तर चिमटीहून कमी खाण्याचा सोडा, जास्त झाला की साबणाची चव येते आणि मग लोक पुन्हा कॉफीलाच नावं ठेवतात. उंचावरून ओतून फेस काढायला घाबरू नका, सोयाचा फेस येतो आणि टिकतोही.

ओट मिल्क का ठेवत नाही, असं हल्ली कॉलेजची मुलं विचारतात. एकदा आणलं होतं. मास्तरांनी पेपर अर्ध्यातच मिटला आणि टंबलर माझ्याकडे सरकवला. "अक्का, ही पेज आहे. पेज मी तापात पितो."