पायथनमधून सी++ला हाक मारताना

सिग्नल गाळणारी माझी सी++ लायब्ररी जुनी, पण वापरून वापरून खात्रीची झालेली. तीच पुन्हा पायथनमध्ये लिहायला मन होईना. शिवाय सीटाइप्स, म्हणजे पायथनमधून सीची फंक्शन्स बोलावणारं मॉड्यूल, २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून, पायथनसोबतच येतं. वेगळं काही बसवायला नको.

पहिली अडचण लगेच सुटली. फंक्शन सापडतच नव्हतं. लायब्ररीतली नावं दाखवणाऱ्या एनएम कमांडने पाहिलं तर नावाला पुढे-मागे अक्षरं चिकटलेली. सी++ कंपायलर नावातच पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. नाव सीसारखं साधंच ठेव असं सांगणारं ‘एक्स्टर्न सी’ लावलं, नाव मूळ रूपात आलं.

खरी दमछाक पुढे झाली. फंक्शन मॅलॉकने मेमरीत जागा घेऊन उत्तरांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत द्यायचं. १,००० आकडे दिले, उत्तर अचूक. २०,००० दिले की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लावल्याचा क्रॅश. चूक कुठे झाली ते सांगणारा ट्रेसबॅक नाही, काही नाही, पायथनच बंद. दोन दिवस मी सी++ मधल्या लूपच्या मर्यादा तपासत बसलो आणि त्या बिचाऱ्या बरोबरच होत्या.

शेवटी परत आलेला पत्ता छापून पाहिला: -१२८८२७३९०४. पत्ता ऋण कसा असेल?

सीटाइप्सला तुम्ही काही सांगितलं नाही, तर ते प्रत्येक फंक्शन इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत देतं असं धरून चालतं. इंट ४ बाइटचा, ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा. वरचा अर्धा पत्ता मुकाट्याने कापला जात होता. मग १,००० आकड्यांना कसं चाललं? ती जागा होती ८,००० बाइटची, कारण एक डबल, म्हणजे दशांश आकडा, ८ बाइटचा. माझ्या लिनक्सवर एवढी लहान जागा हीपमधून, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या मेमरी साठ्यातून, मिळत होती, आणि तिथले पत्ते ४ बाइटांत मावण्याइतके लहान होते. जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा, मॅलॉक साधारण १२८ केबीच्या वरची मागणी एममॅपकडे देतो, जो सिस्टीमकडून वेगळी जागा मागतो, आणि तिथले पत्ते खूप मोठे. २०,००० डबल म्हणजे १,६०,००० बाइट. हे कळलं तेव्हा खरंच हायसं वाटलं.

फंक्शन काय परत देतं ते सांगणाऱ्या रेस्टाइपमध्ये डबलचा पॉइंटर लिहिला, पॅरामीटरचे प्रकार सांगणारे आर्गटाइप्सही भरले, आणि क्रॅश थांबला. कंपाइल होऊन तयार झालेल्या लायब्ररीच्या .एसओ फाइलमध्ये सीटाइप्सला वाचता येईल अशी प्रकारांची माहिती नसते, असतात ती नावं. म्हणून आता फंक्शन्सचे प्रकार लिहिलेली हेडर फाइल शेजारी उघडून एकेक फंक्शन हाताने जाहीर करतो, एकही न सोडता.

जागा मोकळी करायला लायब्ररीतच एक वेगळं फंक्शन लिहिलं. ज्याने घेतली त्यानेच सोडावी.

कॉलबॅकने, म्हणजे सी++ने उलट हाक मारायच्या पायथन फंक्शनने, मात्र आणखी एक संध्याकाळ घेतली. पायथनचं फंक्शन सीटाइप्सच्या सीएफंकटाइपमध्ये गुंडाळून सी++ कडे दिलं, ते तिथे जपून ठेवलं गेलं, पण पायथनच्या बाजूला त्याला धरून ठेवणारं कुणीच नव्हतं. न वापरातली मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्शनने ते उचललं आणि पुढच्या हाकेला पुन्हा क्रॅश. ते ऑब्जेक्ट क्लासच्या एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवलं, तेव्हापासून ते व्यवस्थित चालू आहे.