आमची वाटचाल: भोसरीचं युनिट आणि चिठ्ठ्यांचा डबा

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं ग्राइंडिंगचं (धातू घासून अचूक मापात आणायचं) युनिट आहे, स्टीलच्या पिना आणि बुश (आत भोक असलेल्या छोट्या नळ्या) करून देतो. भाड्याचा गाळा, सेकंडहँड मशीन, मग ऑर्डरी वाढल्या, माणसं वाढली, हे सगळ्यांचंच असतं. आम्हाला खरं पुढे नेलं ते वेगवेगळ्या डोक्याच्या माणसांनी, म्हणून तेच लिहितोय.

एका उन्हाळ्यात पिनांवर गंजाचे डाग पडून माल परत यायला लागला. डिप्लोमावाले सगळे कूलंटच्या (ग्राइंडिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात त्या पाण्याच्या मिश्रणाच्या) मागे, रिफ्रॅक्टोमीटर लावून त्याचं प्रमाण बघ, पीएच बघ, आरपी ऑइल (गंजरोधक तेल) बदल... रीडिंग सगळी बरोबर आणि डाग तरीही येतायत. तेव्हा अकाउंट्सच्या मॅडमनी डेबिट नोटांच्या (परत आलेल्या मालाचे पैसे कापल्याच्या कागदांच्या) तारखा लावून दाखवल्या, आधीच्या वर्षीही हे एप्रिल-मेमध्येच झालेलं. आणि पॅकिंगच्या मावशींनी पिन चिमटीत धरली, "साहेब, बोट आणि अंगठा टेकतो ना, बरोबर तिथंच डाग आहे." घाम! घामातल्या मिठामुळे ताज्या ग्राइंड केलेल्या स्टीलवर बोटांचे ठसे गंजतात. मग इन्स्पेक्शन टेबलवर सुती हातमोजे दिले (मशीनवर नाही हां, फिरत्या स्पिंडलजवळ मोजे घालायचेच नसतात) आणि पिन मशीनवरून उतरली की लगेच तेलात, असं केलं. माल परत येणं थांबलं. अजून चार इंजिनियर बसवले असते तर कूलंटच अजून चार वेळा तपासला गेला असता.

पण नुसती वेगळी माणसं असून भागत नाही, मालक आधी बोलला की सगळे माना डोलावतात. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं कापल्यावर किती वजन भरेल यावर लोकांनी पैज लावलेली, फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यातली ७८७ तिकिटं तपासली, मधला अंदाज १२०७ पौंड आणि खरं वजन ११९८! प्रत्येकाने आपापला आकडा लिहिलेला, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून आमच्याकडे प्रॉब्लेम आला की आधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, मग चर्चा, आणि मी शेवटी बोलतो. वेळ जातो, पण जाऊ दे.

सध्या सेंटरलेस ग्राइंडिंग मशीनवर जेवणाच्या सुट्टीनंतर पिनेचा साईज दोन-तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकतोय. डब्यात चिठ्ठ्या आल्यात, टेम्पोवाल्या दादांचीपण आहे, सोमवारी उघडतोय.