मूत्रपिंडातल्या पेशी मोजताना

फ्लो सायटोमीटरचा, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राचा, दिवस असला की पहाटेच प्रयोगशाळेत हजर व्हावं लागतं. रॅटचं मूत्रपिंड बर्फावर बारीक चिरायचं, पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे विकर घालून ३७ अंशांवर ठेवायचं, मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्यायचं. खाली उतरलेल्या गढूळ द्रावात बहुतेक पेशी मूत्रपिंडाच्याच असतात. आम्हाला हव्या असतात त्या तिथे येऊन ठाण मांडलेल्या मूठभर टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी. वेळ दवडला तर त्या मरतात, आणि पेशी ओळखण्यासाठी आम्ही खुणेच्या अँटिबॉडी वापरतो, त्यातल्या नको त्या अँटिबॉडीलाही मेलेली पेशी चिकटून आकडे बिघडवते. त्यामुळे अशा दिवशी कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

रॅट होते एसएचआर जातीचे, म्हणजे ज्यांचा रक्तदाब आपोआप वाढतो असे. जपानमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये ही जात जगासमोर आणली. यात नर-मादी दोघांचाही रक्तदाब चढतो, पण नराचा जास्त. आमच्या नळ्यांवर फक्त क्रमांक होते. कोणता नमुना नराचा, कोणता मादीचा, कुणाला रक्तदाबाचं औषध दिलेलं, हे सगळं सरांच्या वहीत. मोजणाऱ्याला हे आधी कळलं तर पडद्यावर मोजायच्या पेशींभोवती चौकट आखताना हात नकळत हवा तिकडे सरकतो.

रक्तदाबाच्या कामात टी पेशी कशाला मोजायच्या, असं मला अजूनही विचारलं जातं. २००७ मध्ये गुझिक, हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशीच नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक दिलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब अपेक्षेइतका वाढला नाही. टी पेशी परत घातल्या, तसा तो वाढला. या पेशी रक्तवाहिन्यांभोवती आणि मूत्रपिंडात जमतात, आयएल-१७ सारखे दाह वाढवणारे रासायनिक संदेश सोडतात, रक्तवाहिन्या ताठर होतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. माणसातही याची एक छोटी खूण आहे. २००६ मध्ये सोरायसिस किंवा संधिवात असलेल्या आठ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर औषध चालू असेपर्यंत रक्तदाब उतरला आणि बंद केल्यावर पुन्हा चढला. आठच रुग्ण, पण मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

दुपारनंतर ठिपके पडद्यावर यायला लागले, एक ठिपका म्हणजे एक पेशी. आम्ही शोधत होतो टी-रेग, म्हणजे दाह आवरणाऱ्या टी पेशी. त्यांची ओळख पटवणारं फॉक्सपी-३ हे प्रथिन केंद्रकात असतं, म्हणून पेशीला आधी बारीक छिद्रं पाडून अँटिबॉडी आत सोडावी लागते. बऱ्याच नमुन्यांत वरच्या उजव्या, म्हणजे टी-रेगच्या, चौकटीत तुरळक ठिपके दिसत होते. मग एक नमुना असा आला की ती चौकट ठळक भरली. माझी सहकारी म्हणाली, "ही मादीच असणार." तसेच आणखी काही आले. उरलेल्यांचा मात्र एकच ढीग होता, आणि त्यात नर-मादी वेगळे काढणं आम्हाला जमेना.

संध्याकाळी सरांनी वही उघडली. भरलेल्या चौकटी सगळ्या माद्यांच्याच होत्या, पण फक्त औषध न दिलेल्या माद्यांच्या. तुरळक ठिपक्यांच्या ढिगात नर होते, औषध दिलेलेही आणि न दिलेलेही. आणि त्यांच्यात मिसळून गेल्या होत्या त्या माद्या, ज्यांचा रक्तदाब लहानपणापासून हायड्रोक्लोरोथायझाइड आणि रेझरपिन ही रक्तदाबाची औषधं देऊन वाढूच दिला नव्हता.

हे निरीक्षण एका गटाने आधी नोंदवलेलं होतं आणि आम्ही ते पडताळून पाहत होतो. तरी स्वतःच्या हाताने गाळलेल्या पेशींत ते दिसलं तेव्हा अंगावर शहारा आला. मादीकडे टी-रेगचा मोठा साठा जन्मापासून असतो, म्हणून ती वाचते, असं सोपं उत्तर मी वर्षानुवर्षं मनात धरून होते. पण रक्तदाब वाढू दिला नाही तर त्या पेशी वाढतही नाहीत. म्हणजे दाब चढायला लागला की मादीचं शरीर उत्तरादाखल या पेशी मूत्रपिंडात उभ्या करतं. नरात दाब तितकाच किंवा जास्त असून हे उत्तर येत नाही.

"अगं, मग हे उत्तर द्यायचं थांबलं तर?" सरांनी विचारलं. त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दुसऱ्यांनी देऊन ठेवलंय. टी पेशी नसलेल्या मादी उंदरांना नराच्या टी पेशी दिल्या, तरी अँजिओटेन्सिनने त्यांचा रक्तदाब नरासारखा वाढत नाही. पण बीजकोश निकामी करून रजोनिवृत्ती घडवली की वाढतो. आणि तरुण मादीतल्या टी-रेग काढून टाकल्या तरी वाढतो.

आता हे बाईच्या आयुष्याशी लावून बघा. पन्नाशीपर्यंत रक्तदाब पुरुषांपेक्षा कमी, रजोनिवृत्तीनंतर झपाट्याने वर, आणि म्हातारपणी बायका पुरुषांच्याही पुढे. याचं सगळं श्रेय इस्ट्रोजेनला देऊन मोकळं व्हायची सवय झाली आहे. माझ्या मते ते अपुरं आहे. फॉक्सपी-३ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, अँजिओटेन्सिन मोडणाऱ्या एसीई-२ या विकराचंही तिथेच. संप्रेरकं आणि गुणसूत्रं यांचा वाटा वेगवेगळा काढून बघायलाच हवा.

आणि हे इतकं उशिरा का कळतंय, याचा मला मनापासून राग येतो. उंदरांच्या मादीचं प्रजननचक्र चार-पाच दिवसांचं, आकडे वरखाली होतील, असं म्हणून दशकानुदशकं प्रयोग नरांवरच झाले. २०१४ मध्ये जवळपास तीनशे शोधनिबंध एकत्र तपासले, तेव्हा मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत असं निघालं. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०१६ पासून संशोधनात लिंगाचा विचार सक्तीचा केला, तोवर या विषयातले पायाभूत प्रयोग बहुतांशी नरांवरच होऊन गेले होते.

त्या रात्री नळ्या धुऊन झाल्यावर सरांनी पुढच्या प्रयोगाचा आराखडा काढला. त्यात वयस्क माद्यांचा एकही गट नव्हता. एवढं म्हातारं होईपर्यंत रॅट सांभाळणं महागात पडतं, दीड-दोन वर्षं जातात, हे खरंच. तरी मी तो गट लिहायला लावला, नरांचा एक गट कमी करून.