सोडले आहे

रविवार, 15 मार्च 2026. रात्रीचे साडेदहा.

सकाळी मिरजेच्या देवळात उपासनेला प्रभूची प्रार्थना म्हणताना माझा आवाजच बंद पडला. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथवर आलो आणि तोंड उघडेना. मंडळी पुढे गेली. मी ‘परीक्षेत आणू नको’ला त्यांना गाठलं. हिच्या लक्षात आलंच. रिक्षात म्हणाली, ‘घसा धरलाय का?’ मी हो म्हटलं. देवळातून निघून दहा मिनिटं झाली नव्हती आणि खोटं बोलून मोकळा.

प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे. आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते (डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं), तेव्हापासून घरात जेवणाआधी म्हणतातच. पाठ असलेल्या गोष्टीचं हेच असतं, तोंड म्हणतं आणि मन आमटीकडे.

पण मी पडलो दिवाणजी. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 31 वर्षं खतावणी लिहिली. मला ‘ऋण’ म्हटलं की आधी वहीचं पान दिसतं, पाप नंतर. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते की येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप दोन्हींना एकच शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणूनच ऋण आलं, लूकच्या शुभवर्तमानात पाप. तेव्हा ऐकून सोडून दिलं. आज दुपारी मत्तयाचा सहावा अध्याय काढून बसलो, तेव्हा ‘सोडले आहे’वर बोट अडकलं. सोडतो नाही, सोडीन नाही. सोडले आहे. म्हणजे नोंद आधी झालेली पाहिजे, मग ‘आमचं ऋण सोड’ ही मागणी. आणि प्रार्थना संपल्याबरोबर येशू परत फिरतो तो आख्ख्या प्रार्थनेतल्या फक्त याच ओळीकडे. रोजच्या भाकरीबद्दल तिथं अवाक्षर नाही.

सोडणं म्हणजे काय हे मी लिहून पाहिलेलं आहे. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा नदीकाठच्या एका शेतकऱ्याचं सगळं गेलं. त्याची दुकानाकडे मोठी उचल होती. मालक म्हणाले, ‘दिवाणजी, काढून टाका.’ असं काढून टाकता येत नाही. त्याच्या खात्याला रक्कम जमा धरायची आणि तेवढीच बुडीत खात्याला नावे टाकायची. वर्षअखेर ती मालकाच्या भांडवलातून वजा होते. शेतकऱ्याचं पान कोरं झालं, पण पैसे हवेत गेले नाहीत, मालकाच्या अंगावर आले. देवानं क्षमा केली म्हणजे ‘जाऊ दे’ म्हटलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. क्रूस कशाला मग? कुणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कुणाचं पान कोरं होत नाही, हे कळायला मला खरं तर बायबल लागायला नको होतं.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या, राजानं कर्ज सोडलं तरी सोबत्याचं न सोडणाऱ्या त्या चाकराचा हिशोबही मांडला. सवय. राजाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. झाले सहा कोटी रोज. त्याच्या सोबत्याचं देणं शंभर दिनार. मी नेहमी ते शंभर दिनार ‘किरकोळ’ म्हणून वाचत आलो. किरकोळ कसे? शंभर दिवसांची मजुरी आहे! आपल्याकडे रोज चारशे धरला तर चाळीस हजार.

आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या चुलतभावाकडे माझे चाळीस हजारच आहेत. त्याच पुरात हातउसने दिलेले, मुलीच्या फीचे बाजूला काढलेले. दिवाळीपर्यंत देतो म्हणाला. पुढच्या नाताळाला नवी गाडी घेतली. मी एकदाही मागितले नाहीत, आणि त्याचा मला केवढा अभिमान! पण दिसला की डोळ्यांनी खातं वाचायचो. मग तो सकाळच्या उपासनेला यायचा बंद झाला, संध्याकाळी येऊ लागला. पैसे मी सोडले नाहीत, त्यानं जागा सोडली.

येत्या ऑगस्टात सात वर्षं होतील. मोशेच्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायला सांगितलंय, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात. वर बजावलंय की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडू नका. देवानं अडत दुकानं पाहिलेली दिसतात.

तुकोबांचीही आठवण झाली. उगाच नव्हे. आमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, आणि 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. तर तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ती अर्धीच. धाकट्या भावाच्या वाटणीची त्याच्या हवाली केली. दिवाणजी म्हणून मला हे फार आवडतं. दुसऱ्याची येणी सोडून पुण्य मिळवायला गेले नाहीत. आपलं तेवढं बुडवलं.

संध्याकाळी हिला न सांगता मिरजेला परत गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. उपासना सुटल्यावर तो चप्पल शोधत होता, मला बघून त्याचा एक पाय चपलेत तसाच राहिला.

‘दादा, त्या पैशांचं मी जूनमध्ये…’

‘हळदीला काय दर लागला रे?’

आधी बघतच राहिला. मग सुरू झाला. राजापुरी होती, कुकरला शिजवली, पॉलिशला दोन दिवस खोळंबा झाला, सौद्यात पहिल्या दिवशी दर पडला. चौकातल्या टपरीवर अर्धा तास हेच. मी मधेच दोनदा ‘नावे’ आणि ‘जमा’ मनात म्हणून पाहिलं. एकदा जमलं. दुसऱ्यांदा त्याच्या गाडीकडे लक्ष गेलं आणि परत चाळीस हजार आठवले.

चहाचे वीस रुपये त्यानं काढले. माझा हात खिशाकडे गेला होता, तो तिथंच थांबवला.