आईला समुद्र हवा होता
आज गोव्यातल्या बाणावलीहून परतलो. आईला फक्त पाय पाण्यात बुडवायचे होते. त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकून 'सगळं पॅकेजमध्ये' असलेलं रिसॉर्ट घेतलं. जुलैत किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पाण्यात उतरू देत नाहीत, हे बुकिंग घेताना कुणी सांगितलं नाही. जीवरक्षकाचं बरोबरच होतं, लाटा भयंकर होत्या.

पण 'रोज ताजी मासळी' कशाला छापायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते! तिन्ही दिवस बुफेत पनीर आणि बर्फातला बासा मासा. आई मालवणकडची. एक घास घेऊन तिने ताट सारलं, बोलली काहीच नाही.

निघताना मडगावच्या एका खानावळीत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) आणि उकड्या तांदळाचा भात मिळाला. पोटभर जेवली. मला मात्र रडू आलं.