आत्याची डीव्हीडी आणि अक्षतांचे चौकोन

नंदगडच्या आत्याकडचा डीव्हीडी प्लेयर अजून चालतोय, पण त्याला पेनड्राइव्ह लावायला जागाच नाही, म्हणून दादाच्या लग्नाचा व्हिडिओ तिला डिस्कवरच पाहिजे होता. व्हिडिओ ३ तास १० मिनिटांचा. मी काही न बघता ६००० केबीपीएस (म्हणजे सेकंदाला ६००० किलोबिट) ठेवून एक्सपोर्टला लावला नि जेवायला गेलो, येऊन बघतो तर फाइल ८ जीबीच्या वर! डिस्कवर लिहिलेलं असतंय ४.७, कॉम्प्युटर दाखवतो ४.३७ च, जागा तीच, मोजायची पद्धत वेगळी.

मग कागद घेतला. हिशोब सोपा आहे हो, ४.७ जीबी म्हणजे साधारण ३ कोटी ७६ लाख किलोबिट, त्याला सेकंदांनी भागायचं. माझे ११,४०० सेकंद, म्हणजे ३२९८. त्यातनं आवाजाचे १९२ गेले, मेनूबिनूला थोडी जागा सोडली, हातात राहिले ३०००. (आवाज एसी३ मध्येच घ्या, म्हणजे दाबून लहान केलेला, पीसीएम म्हणजे न दाबलेला ठेवला तर तोच १५३६ खातो, सनई ऐकायला कशाला एवढं.)

३००० वर हळद झकास दिसली, माणसं बसलेलीच असतात ना. पण मंगलाष्टका संपून अक्षता उडाल्या की वहिनीच्या तोंडाचे नुसते चौकोन! झांजपथकातपण तेच. आत्या म्हणाली, "काय रे, नवरीच्या तोंडाला काय झालंय?"

टू-पास व्हीबीआर, म्हणजे दोन फेऱ्यांत बिट कमी-जास्त वाटायची पद्धत, लावून बघितलं, पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर हालचाल कुठं जास्त ते बघून घेतं, दुसऱ्या फेरीत तिथं जास्त बिट देतं. फरक पडला, पण सरासरी शेवटी ३००० च की.

म्हटलं पंगतीची ४० मिनिटं कापूया, सरळ ३८५० मिळतात, आणि लोक भात कालवताना कोण बघतंय. तर आत्या भडकली, पंगतीत तिच्या माहेरची सगळी माणसं बसलेली, त्यातली दोन तर आता नाहीत.

शेवटी दोन डिस्क केल्या. प्रत्येकी ९५ मिनिटं, हिशोबानं ६४०० बसत होतं, मी ६००० वर थांबलो, कमाल ८००० ठेवली, नियमात ९८०० पर्यंत चालतं पण घरी बर्न केलेली डिस्क जुना प्लेयर कधीकधी अडखळत वाचतो.

अक्षता आता एकेक दाणा दिसतोय. आत्या मात्र पंगतीचीच डिस्क लावून बसते.