कुत्र्याला घेऊन राजमाची: औषधांची पिशवी आणि परतीची वाट

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंतची वाट साधारण १५ किलोमीटरची. चढ फारसा नाही आणि कोरड्या दिवसांत गावापर्यंत जीप येते. कुत्रा सोबत असेल तर मी गडाच्या उंचीआधी हे जीपचं बघतो. आपण रानात करतो ती फक्त मलमपट्टी. खरा इलाज डॉक्टरकडे, आणि राजमाचीहून तो डॉक्टर खाली लोणावळ्यात. कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतकडे उतरणारी जंगलातली वाट सुंदर आहे, पण जखमी कुत्रा उचलून ती उतरायची कल्पना करून बघा.

आमची मुक्ता गावठी, २२ किलोची. एवढं वजन खांद्यावर घेऊन फार लांब जाता येत नाही. म्हणून पिशवीत पहिली वस्तू जुनी सुती चादर. दोघांनी चार टोकं धरली की झोळी तयार.

नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळांचा सुकाळ. वळवंड फाट्याच्या पुढे मुक्ता लंगडायला लागली आणि सारखा पुढचा पंजा चाटायला लागली. दोन बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरलं होतं. कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे ‘घरी गेल्यावर बघू’ चालत नाही. चिमट्याने सरळ ओढून काढलं, सलाईनने जखम धुतली, बोटांच्या मध्ये थोडा कापूस, वर गॉज, त्यावर स्वतःला चिकटणारं बँडेज आणि शेवटी मोजा. बँडेज फार आवळलं तर बोटं सुजतात, म्हणून मध्येमध्ये सोडून बघायचं. कानात किंवा नाकात कुसळ गेलं तर मात्र चिमटा घालू नका, परत फिरा.

दुखतंय म्हटल्यावर लाडका कुत्राही चावतो. मऊ बँडेजने तोंड बांधता येतं, पण धापा टाकत असेल, ओकत असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर अजिबात बांधायचं नाही.

उन्हाची मला सापापेक्षा जास्त भीती वाटते. हिवाळ्यातही अकरानंतर ही वाट तापते आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल झोकांड्या देणारी दिसली की सावलीत आणा, पोट आणि मांड्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. पाणी घोटघोट द्या. तरतरी आली तरी डॉक्टरकडे जायचंच.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. कुत्र्याला चालू न देता झोळीतून जीपपर्यंत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात, पण ते ज्या दवाखान्यात मिळतं तिथे फोन आदल्या दिवशीच करून ठेवा. वाटेवर रेंजचा भरवसा नाही.

आपल्या पिशवीतल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या. वेदनेचं औषध डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेलंच न्यायचं. उधेवाडीत जेवण उत्तम मिळतं, पण पिठल्यात कांदा असतो आणि तो कुत्र्याला चालत नाही. मुक्ताला नुसता भात सांगितला, मावशींनी वर ‘एवढंच?’ म्हणून दोनदा विचारलं. गावातली कुत्री आपल्या हद्दीत पाहुणा खपवून घेत नाहीत, तेव्हा पट्टा हातात हवा आणि रेबीजची लस वेळेवर झालेली हवी. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही विचारून घ्यावी.

पंजा बांधलेला असल्यामुळे राजमाचीचा श्रीवर्धन हा बालेकिल्ला आम्ही सोडला आणि परत जीपने आलो. घरी आल्यावर कान, काखा, बोटांच्या फटी, शेपटीखाली गोचीड तपासा. सापडली तर कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी वगैरे उद्योग नकोत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर डॉक्टरांना ‘रानात जाऊन आलोय’ हे आधी सांगा.